वरच्या मजल्यावरची शिवरात्र

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. माहेर माझं मखमलाबादच्या बाजूचं, भाजीपाल्याचं आणि झेंडूचं. मळ्याच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला विहिरीवर वडील, मधे सगळे वाफे. तिथं हळू बोलणाऱ्याचं कुणाला ऐकूच जायचं नाही. लग्नानंतर आवाज बदलायचा मी फार प्रयत्न केला. नाही जमलं. यजमान नाशिक रोडला प्रेसमध्ये नोकरीला, आणि बोलायला एकदम गरीब. त्यामुळे दोघांच्या वाटचं मीच बोलायचे, आणि दोघांच्या वाटचं रागवायचेही मीच.

नव्वदच्या दशकात आम्ही इंदिरानगरात घर बांधलं तेव्हा आमच्या गल्लीत मोजून सात घरं होती. बाकी मोकळे प्लॉट, त्यांत बाभळी आणि कुणाच्या तरी म्हशी. रिक्षावाले "एवढ्या लांब?" म्हणून तोंड वाकडं करायचे. खाली आम्ही दोघं आणि माझे सासरे, म्हणजे मामंजी. वर दोन खोल्या, मोरी आणि गच्ची. जिना बाहेरून काढलेला, भाडेकरूची ये-जा वेगळी राहावी म्हणून. आता गल्लीत उभं राहून मान वर केली तर आभाळाच्या जागी बाल्कन्याच दिसतात. पण डोळे मिटले की मला अजून तीच सात घरं दिसतात, आणि गंमत म्हणजे वास येतो. बडीशेप, सुंठ आणि हिंग.

हा वास आमच्या वरच्या मजल्याचा. दिवाळी नुकतीच झाली होती. यजमान एका संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाले, "वरच्या खोल्यांसाठी एक कुटुंब आहे. काश्मीरचं. तिकडून घरदार सोडून निघावं लागलं त्यांना. चार वर्षं जम्मूला काढली, आधी तंबूत, मग एका खोलीत. नंतर दिल्ली. आता मुलाला अंबडच्या कारखान्यात नोकरी मिळाली आहे."

मी विचारलं, "माणसं किती?"

"तीनच. नवरा-बायको आणि म्हातारे वडील."

"आणि खाणंपिणं?"

"ब्राह्मण आहेत म्हणे."

"मग काय प्रश्नच मिटला," मी म्हटलं.

आता खरं सांगायचं तर घर भाड्यानं देताना मांसमच्छीची अट मी पहिल्या दमात सांगायचे. मामंजींच्या गळ्यात तुळशीची माळ. चाळीस वर्षं त्यांनी कांदासुद्धा एकादशीला शिवला नव्हता. पण ह्या लोकांना मी ती अट सांगितलीच नाही. म्हटलं, ब्राह्मणांना काय सांगायचं, उलट तेच दुखावायचे. कोकणाकडचे काही ब्राह्मण मासे खातात हे ऐकून होते, पण काश्मीरला कुठला आलाय समुद्र! एवढं माझं ज्ञान. त्या ज्ञानावर मी किल्ली देऊन मोकळी झाले.

ती आली दोन ट्रंका, गाद्यांची एक वळकटी आणि एक कुकर घेऊन. माझ्याच वयाची, गोरीपान, कानात लांब सोन्याच्या साखळ्या लोंबत असलेली. मी तिला भाभी म्हणायचे, ती मला बहनजी. तिनं दोन्ही ट्रंका दाराच्या आत, अगदी उंबऱ्याला लागून ठेवल्या. मी म्हटलं, "अहो, ऊपर माळा है ना! वो किस के लिए बांधा है?"

"रहने दीजिए, बहनजी," ती म्हणाली. "यहीं ठीक है।"

माझं हिंदी हे असं. तिचं मऊ, तोलून मापून. पण बायकांना बोलायला भाषा लागते असं मला कधीच वाटलं नाही. आठवड्याभरात ती माझ्याबरोबर गंगेवरच्या बुधवारच्या बाजाराला येऊ लागली. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. पहिल्या बुधवारी ती बाजारभर हिंडली आणि काहीच घेईना. कुठलीशी पालेभाजी शोधत होती, तिचं नाव मला कळेना, भाजीवालीला तर नाहीच. परतताना एका बाईनं नवलकोलाचे गड्डे ठेवून पाला उकिरड्याला टाकलेला होता. भाभी तिथं थबकली. वाकली, पाला उचलला, पान मोडून वास घेतला आणि भर बाजारात तिचे डोळे भरून आले. "बहनजी, ये तो हमारी सब्ज़ी है। इसे कोई फेंकता है?"

घ्या! माझ्या माहेरी हा पाला गाईपुढं टाकायचे. पुढच्या रविवारी भावाला निरोप धाडून मी त्याची मोठी मोळीच आणवली. तिनं ती निवडत असताना गाणं म्हटलं. मला एक अक्षर कळलं नाही, तरी मी दारात उभी राहून सगळं ऐकलं. त्या हिवाळ्यात दर आठवड्याला माहेराहून एक मोळी यायची, आणि आमची गाय उपाशी ठेवतेस का म्हणून भाऊ चिडवायचा.

त्यांच्या स्वयंपाकात कांदा नाही, लसूण नाही. मी मुद्दाम विचारलं होतं. "नहीं बहनजी, प्याज़-लहसुन हमारे यहाँ नहीं पड़ता," भाभी म्हणाली. मग काय विचारता! संध्याकाळी तो बडीशेप-सुंठेचा वास जिन्यावरून खाली उतरला की मी अंगणात उभी राहून समोरच्या काकूंना ऐकवायचे, "बघा, सोवळं म्हणजे असं असतं! कांद्याचा वास म्हणून येत नाही. नाहीतर तुमचे भाडेकरू!" चार महिने मी हे गल्लीभर सांगत होते. कुणी विचारलं नसलं तरी सांगत होते.

म्हाताऱ्यांची तर वेगळीच गंमत. भाभीच्या सासऱ्यांना आम्ही बाबूजी म्हणायचो. शाळामास्तर होते तिकडं. आता विसरायला लागले होते. दुपारी उन्हाला ते खाली आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, शेजारी मामंजी. मामंजी मराठीत कोबीवरच्या किडीबद्दल बोलायचे, बाबूजी त्यांच्या भाषेत आणखी कशाबद्दल तरी, आणि दोघंही माना डोलवायचे. मी दोन कप चहा नेऊन ठेवायचे. तासभर चालायचं. कधी भांडण नाही, मतभेद नाहीत.

भाभीनं एकदा मला सांगितलं होतं. जम्मूहून दिल्लीला गेले तेव्हा बाबूजींनी महिनाभर मुलाला ओळखलं नाही. घर बदललं की त्यांच्या डोक्यातलं सगळं विस्कटतं. दिल्लीत तर दोनदा हरवले. "यहाँ आकर सँभल गए हैं। सीढ़ी याद है, आपका ओटा याद है, आपके ससुरजी याद हैं। बस, अब कहीं और न जाना पड़े।" एवढं बोलून ती पुन्हा पानं निवडायला लागली. मी म्हटलं, "अरे, कोण तुमको जाने बोलता है!" हे मीच म्हटलं होतं, स्वतःच्या तोंडानं.

मग महाशिवरात्र आली. आदल्या संध्याकाळी वर खूप वेळ पूजा चालली होती, घंटा वाजत होती. मला बरं वाटलं. सकाळी मी कपालेश्वराला जाऊन आले, रताळी उकडायला ठेवली, भगर निवडत बसले. दुपारी बारा-साडेबाराला भाभी खाली आली. नवी साडी, डोक्यावर पदर, हातात झाकलेलं पितळी भांडं. खूप आनंदात होती. इतक्या दिवसांत मी तिला तशी बघितली नव्हती.

मी झाकण उचललं. लालबुंद रस्सा, वर तूप आलेलं, त्यात तपकिरी फोडी. आणि तोच वास.

"शिवरात्री का है ना?" मी विचारलं. विचारलं होतं, हां! नाही असं नाही.

"हाँ हाँ, शिवरात्रि का ही है। सबसे पहले आपके यहाँ लाई हूँ।"

मला वाटलं सुरण. उपवासाला आमच्याकडं सुरण चालतो. बडीशेप चालते की नाही यावर मी क्षणभर अडखळले, मग म्हटलं, बडीशेपेला कशाचा आलाय दोष. मामंजी पानावर बसले होते. दर उपासाला तीच भगर आणि तेच दाण्याचं कूट खाऊन कंटाळलेला म्हातारा जीव. मी वाटी भरून त्यांच्यापुढं ठेवली. "वरून आलंय. सुरणाची भाजी. बघा तरी कशी करतात तिकडं."

त्यांनी एक फोड तोंडात घातली. चावली. "चव झकास आहे गं," म्हणाले. दुसरी घातली. मग थांबले. बोटांनी तोंडातून काहीतरी काढलं आणि पानाच्या कडेला ठेवलं.

हाड होतं.

मी आयुष्यात अशी गार पडले नाही. मामंजी पानावरून उठले, मोरीत गेले, कितीतरी चुळा भरल्या. मग डोक्यावरून दोन बादल्या पाणी घेतलं आणि ओल्या अंगानं देवासमोर डोळे मिटून बसले. दोन शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं. माळकरी माणसाला, महाशिवरात्रीच्या दिवशी, घरच्या सुनेनं स्वतःच्या हातानं मटण वाढलं होतं! आणि चार महिने मी ज्या वासाचं गल्लीभर कौतुक करत होते, तो वास कशाचा होता हेही माझ्या त्याच क्षणी लक्षात आलं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक माझी होती, म्हणूनच राग एवढा मोठा होता. हे आता समजतं. तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. ते भांडं घेऊन मी जिना अर्धा चढले आणि तिथंच उभी राहून सुरू झाले. राग आला की माझं हिंदी संपतं. सगळं मराठीत. "काय समजलात काय तुम्ही? म्हाताऱ्या माणसाला बाटवलंत! हे माझं घर आहे, धर्मशाळा नाही! महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा. चालते व्हा!"

भाभी दारात आली. तिला मराठी येत नव्हतं, पण हे तिला पुरतं समजलं. ही भाषा तिनं तीन गावांत ऐकली असणार. तिनं एवढंच विचारलं, "किसी ने खा लिया क्या?"

"मामंजींनी!" मी ओरडले. "माळ आहे त्यांच्या गळ्यात!"

तिनं तोंडावर हात ठेवला आणि पायरीवर बसली. मग हळूहळू सांगायला लागली. त्यांची शिवरात्र आदल्या दिवशी होते. दुसऱ्या दिवसाला ते सलाम म्हणतात. त्या दिवशी वडीलधाऱ्यांना भेटायचं, घरात जे उत्तम शिजलं असेल ते द्यायचं. त्यांच्या घराण्यात शिवरात्रीला मटणच करतात, देवालाही तेच. "और जिस घर ने जगह दी हो, पहले वहाँ देते हैं। मुझे क्या पता था बहनजी कि आज आपका उपवास है। शिवरात्रि पर कोई उपवास रखता है?"

मी ऐकलं? छे! माझा आवाज तोवर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचला होता. सातही घरांत बायकांना अचानक कपडे वाळत घालायची आठवण झाली होती. समोरच्या काकू तर सरळ फाटकात येऊन उभ्या. मी भांडं पायरीवर आपटलं आणि खाली आले. वर दार लागल्याचा आवाजसुद्धा आला नाही, इतकं हळू तिनं ते लावलं.

संध्याकाळी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पण जातील कुठं?" मी म्हटलं, "कुठंही जाऊ देत. तुम्हाला वडिलांचं काही आहे की नाही?"

तेव्हा मामंजी आतून बोलले. "मला विचारलंस का, त्यांना जा म्हणायच्या आधी? वाटी तू दिलीस, तोंडात मी घातली. त्यांनी काय केलं?"

"तुमच्यासाठीच बोलले मी!"

"माझ्यासाठी काही करायचंच असेल तर उद्या दुपारी चहाचे दोन कप आण. रोजच्यासारखे."

दुसऱ्या दिवशी मी दोन कप नेले. मामंजी ओट्यावर एकटेच. बाबूजी आले नाहीत. दुसरा कप तसाच गार झाला. वरून ट्रंका ओढल्याचा आवाज येत होता. महिनाअखेरीला अजून बरेच दिवस होते, पण ती आत्ताच आवरायला लागली होती. भांड्याला भांडं लागत नव्हतं, एकही वस्तू पडत नव्हती. सरावाचा हात होता तो. मला ते ऐकवेना, म्हणून मी रेडिओ लावला.

त्या दिवशी अमावास्या. दिवेलागणीला मी देवाजवळ दिवा लावला आणि आमच्या दारावर टकटक झाली. उघडलं तर बाबूजी. स्वच्छ पांढरा कुर्ता, हातात छोटं मातीचं मडकं, त्यात पाण्यात बुडालेले अख्खे अक्रोड. मुलगा त्यांना स्कूटरवरून गंगेवर घेऊन गेला होता. तो तिकडं फाटकापाशी स्कूटर लावत होता. मी म्हटलं, "बाबूजी, ऊपर. आपका ऊपर."

बाबूजींनी मान हलवली. हात लांब करून आमचं दार त्यांनी बाहेरून ओढून घेतलं. पुन्हा टकटक केली.

मी पुन्हा उघडलं. त्यांनी पुन्हा ओढून घेतलं. या वेळी जरा रागानं, वर्गातला पोरगा चुकला की मास्तर रागावतात तसं. तिसऱ्यांदा टकटक.  इतक्यात भाभी जिन्यावरून धावत आली. "माफ़ कीजिए बहनजी, इन्हें लगा..." ती त्यांना दंडाला धरून ओढायला लागली. ते हलेनात.

"हे काय करतायत?" मी विचारलं.

मग तिनं सांगितलं. शिवरात्रीला अक्रोड पाण्यात घालून पुजायचे, अमावास्येला नदीवर न्यायचे आणि परत घरी आणायचे. आणणाऱ्यानं बाहेरून दार वाजवायचं. आतल्यानं दार लावूनच विचारायचं, कोण आहे, काय आणलंस. बाहेरच्यानं सांगायचं, मग दार उघडायचं. विचारल्याशिवाय घरात यायचं नाही. "मैं ऊपर दरवाज़े के पीछे ही खड़ी थी। ये यहाँ रुक गए।"

बाबूजी तिला काहीतरी तावातावानं सांगत होते. 

"क्या बोलते हैं?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "कह रहे हैं, हमारा घर यही है। कह रहे हैं, अंदर वाले पूछते क्यों नहीं।"

माझ्या मागून मामंजींचा आवाज आला. "अगं, दार लाव आणि विचार की त्यांना."

मी दार लावलं. कडीवर हात ठेवून उभी राहिले. माझ्यासारख्या बाईच्या घशातून आवाज फुटेना, विश्वास ठेवा. शेवटी कसंबसं म्हटलं, "कोण आहे?"

बाहेरून बाबूजींचा आवाज आला, एकदम खणखणीत. कालपरवापर्यंत पुटपुटणारा माणूस! मी विचारलं, "काय आणलंय?" त्यांनी सांगायला सुरुवात केली. लांबलचक यादी होती. तिच्यातले 'अन्न' आणि 'धन' एवढेच शब्द मला कळले. ते थांबले. मी दार उघडलं.

बाबूजी आत आले, चपला काढल्या, मडकं आमच्या देवासमोर ठेवलं आणि मामंजींच्या शेजारी चटईवर बसले. मामंजींच्या तळहातावर एक ओला अक्रोड ठेवला. मामंजींनी तो कपाळाला लावला.

मी तशीच जिना चढून वर गेले. भाभी माझ्याआधी पोचली होती. खोली पार मोकळी, दोन्ही ट्रंका भरून तयार. मी तिच्या जवळ जाऊन म्हटलं, "भाभी, मत जाओ. मेरी गलती हो गई. सामान खोलो."

मला वाटलं, रडेल, गळ्यात पडेल. कसलं काय! तिचा चेहरा ताठ झाला. काल माझ्या तोंडाला तोंड न देणारी ती बाई, आज थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कल आपने सीढ़ी पर खड़े होकर कहा था," ती म्हणाली. "सारी गली ने सुना। आज कान में कह रही हैं? हम लोग सामान हैं क्या बहनजी, कि कल बाहर, आज अंदर? मुझे कान में मत कहिए।"

 मग मला हसूही आलं आणि रडूही. बरोबर बोलत होती. शंभर टक्के बरोबर.

मी बाहेर आले. कालच्याच पायरीवर उभी राहिले, पदर खोचला, आणि मळ्यातून वडिलांना हाक मारायचे तशी हाक दिली. "ऐका गं बायांनो! काकू, ओ काकू, या बाहेर!"

काकू आल्या. बाकीच्याही आल्या. पुन्हा कपडे वाळत घालायचं सोंग करायला आता उजेड नव्हता.

"काल मी ह्यांना घर सोडायला सांगितलं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत ना? मग आता हेही ऐका. चूक माझी होती. मी विचारलं नाही, मी वाढलं. हे लोक कुठंही जाणार नाहीत. राहतील तोवर हे त्यांचं घर आहे. काय शिजवायचं ते शिजवतील. ज्याला वास नको असेल त्यानं आपली खिडकी लावावी. मी लावणार नाही!"

 मग काकू म्हणाल्या, "बरं बाई, कळलं. ओरडतेस कशाला?"

मी मागं वळले. भाभी दारात उभी होती. ती आत गेली, वरची ट्रंक उघडली, कुकर काढला आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला.

ते पुढं नऊ वर्षं राहिले. दरवर्षी सलामच्या दिवशी भाभी आमच्यासाठी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात बटाट्यांची भाजी करायची आणि झाकण उघडून दाखवून मगच आत आणायची. मामंजी हटकून विचारायचे, "यात हाड नाही ना?" आणि सगळे हसायचो. मी तिला मराठी शिकवलं, म्हणजे तिनंच माझ्याकडून उचललं, शिव्यांसकट. ती मला ताई म्हणू लागली. भाजीवालीशी घासाघीस करताना ती "लय महाग" म्हणाली त्या दिवशी मी तिला पेढे दिले. मला मनापासून वाटायचं की सगळं मिटलं, सगळे विसरले.

पाचव्या वर्षी बाबूजी गेले. थंडीतली सकाळ होती, त्यांचा मुलगा कारखान्याच्या कामाला पुण्याला गेलेला. भाभी खाली आली. दारात उभी राहिली. डोळे कोरडे. मला वाटलं दूधवाला आला नाही म्हणून विचारायला आली असेल.

"ताई," ती म्हणाली, "बाबूजी गेले."

मी उठले. तिनं हात पुढं करून मला थांबवलं. तिला आधी काहीतरी विचारायचं होतं.

"हे यायला दुपार होईल. तोपर्यंत बाबूजींना वर ठेवू का? चालेल का तुम्हाला? नाहीतर कारखान्यातले लोक येतील, ते दुसरीकडं कुठं नेतील. घर तुमचं आहे."

पाच वर्षं. माझ्या चुलीवरचं ती खात होती, मी तिच्या. माझ्या आजारपणात तिनं मला उचलून मोरीत नेलं होतं. आणि इतक्या वर्षांत एक दिवसही ती जिन्यावरचं माझं ते वाक्य विसरली नव्हती. सासरा वर मरून पडलेला, अजून रडली नव्हती, आणि आधी मला विचारायला आली होती.

मी तिला धरलं आणि हमसून हमसून रडायला लागले. तीच मला थोपटत उभी राहिली.